शिंगांचें माप आणि शिकाऱ्याचा मान

आमच्या कोंकणांतील घराच्या ओसरीवर, दरवाजाच्या उजव्या बाजूस, बारशिंग्याच्या शिंगांची एक जोडी आज कित्येक वर्षें टांगलेली आहे. आमचे आजोबा इंग्रज अमदानींत मध्यप्रांताच्या जंगलखात्यांत कारकून होते. नोकरी संपवून ते गांवीं परत निघाले तेव्हां एका साहेबानें ती त्यांस भेट दिली. मेलेल्या जनावराचें हाड माजघरांत यावयाचें नाहीं, असा आजीचा सक्त हुकूम असल्यामुळें तीं शिंगें ओसरीवरच राहिलीं, आणि आजोबांची छत्री व आल्यागेल्या पाहुण्यांचीं उपरणीं अडकविणें एवढाच त्यांचा उपयोग उरला. तीच आजी मात्र नातवंडांच्या छातींत कफ दाटला म्हणजे औषधाच्या डब्यांतील सांबरशिंगाचा तुकडा सहाणेवर उगाळून लावीत असे, आणि त्यांत तिला यत्किंचितही विसंगति वाटत नसे.

आम्ही लहान असतां एका दिवाळीच्या साफसफाईंत तीं शिंगें खालीं काढलीं, तेव्हां लांकडी फळीच्या पाठीमागें डकविलेली एक पिंवळी पडलेली चिठी दृष्टीस पडली. तिजवर इंग्रजी अंकांत '३४ १/२' एवढेंच लिहिलेलें होतें. वडील म्हणाले, "ही शिंगाची इंचांतील लांबी. शिकार पडली कीं साहेब लोक आधीं खिशांतून फीत काढीत." हरिण कोणत्या रानांतलें, किती वयाचें, तें कसें मारलें, कोणी मारलें, याविषयीं चिठीवर एक अक्षरही नव्हतें. परवां आमच्या नातीनें तीच चिठी वाचली आणि विचारलें, "आजोबा, हे मार्क कोणाला मिळाले? हरणाला कीं साहेबाला?" प्रश्न लहान मुलीचा; पण त्याचें उत्तर शोधूं लागलों तों आम्हांस बराच दूरचा प्रवास करावा लागला. त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मांसान्न शिजत नाहीं, आणि शिकार ही गोष्ट आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झालेली आहे. तेव्हां परदेशांतील शिकाऱ्यांच्या मानसन्मानाशीं आपला काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत बक्षीस कशासाठीं द्यावें, शाबासकी कोणत्या गोष्टीची द्यावी, हा प्रश्न रोजचाच असतो. मान ही मोठी शक्ति आहे. ती जिकडे वळवाल तिकडे माणसें धांवतात. शंभराहून अधिक वर्षें एका समाजानें या शक्तीशीं कसा व्यवहार केला, त्यांत काय साधलें आणि काय बिघडलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम त्या चिठीचा उलगडा. लंडन शहरांत रोलंड वॉर्ड नांवाचा जनावरांत पेंढा भरणारा एक प्रसिद्ध कारागीर होता. त्यानें १८९२ सालीं जगांतील मोठ्या शिकारीच्या जनावरांच्या शिंगांचीं मापें व वजनें यांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ति निघत गेली. आपल्याकडील सांबर, चितळ, बारशिंगा, काळवीट यांचीं मापें येथील अंमलदार तिकडे कळवीत, आणि त्या पुस्तकांत आपलें नांव छापून यावें ही त्यांची मोठी हौस असे. आमच्या ओसरीवरील आंकडा हा त्याच हौसेचा अवशेष होय.

परंतु या मानाचें खरें शास्त्र बनलें तें अमेरिकेंत. तेथें १८८७ च्या डिसेंबरांत थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल या दोघांनीं आपल्या मित्रमंडळीच्या साहाय्यानें 'बून अँड क्रॉकेट क्लब' ही संस्था स्थापन केली. डॅनियल बून आणि डेव्ही क्रॉकेट हे त्या देशांतील जुन्या काळचे दोन नामांकित रानवीर; त्यांच्यावरून हें नांव पडलें. रूझवेल्ट हे पुढें १९०१ पासून १९०९ पर्यंत त्या राष्ट्राचे अध्यक्ष होते. संस्थेचा जन्म झाला तो काळ वन्य पशूंच्या दृष्टीनें प्रलयाचाच होता. कोट्यवधि रानगवे कापले जाऊन त्यांची संख्या हजाराच्या आसपास आली होती. हरिणाचें मांस पिंपांत भरून आगगाडीनें शहरोशहरीं विकावयास जाई. पांढऱ्या शेपटीचें हरिण, जें आज त्या देशांत अदमासें तीन कोटींच्या संख्येनें नांदतें आहे, तें विसाव्या शतकाच्या आरंभीं पांच लाखांच्याही खालीं आलें होतें असा जाणत्यांचा अंदाज आहे.

अशा वेळीं न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे मुख्य विल्यम हॉर्नडे यांनीं निरनिराळ्या पशूंचीं मस्तकें व शिंगें गोळा करण्याचा उपक्रम आरंभिला. हे गृहस्थ तरुणपणीं, १८७७ च्या सुमारास, आपल्या देशांतही संग्रहालयांना नमुने पुरविणाऱ्या एका व्यवसायासाठीं जनावरें मिळवीत हिंडले होते. त्यांचा हा संग्रह १९२२ सालीं लोकांस खुला झाला, आणि जगांतून नाहींशा होत चाललेल्या मोठ्या पशूंच्या स्मरणार्थ तो अर्पण केलेला होता. अर्थात् शिंगें मोजून लिहून ठेवण्याचा त्या मंडळींचा आरंभीचा हेतु श्राद्धासारखा होता. जे जाणार आहेत त्यांची निदान नोंद तरी राहावी, इतकाच. पराक्रमाची जाहिरात हा हेतु मागाहून आला.

१९३२ सालीं क्लबानें नोंदींचें पहिलें पुस्तक छापलें. त्यांत मुख्यत्वें शिंगाच्या लांबीवरच भर होता. पण एका लांबीवरून शिंगाची योग्यता ठरत नाहीं, हें लवकरच ध्यानांत आलें. एकाचें शिंग लांब पण काठीसारखें बारीक, दुसऱ्याचें आंखूड पण भरदार व अनेक फांट्यांचें. मग श्रेष्ठ कोणतें? तेव्हां पुष्कळ वादविवाद होऊन १९५० सालीं नवी पद्धति ठरली, आणि थोड्याफार फरकानें ती आजही चालू आहे.

ती पद्धति समजण्यापूर्वीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. काळवीट, गाय, बकरी यांचीं शिंगें जन्मभर टिकतात. परंतु चितळ, सांबर, बारशिंगा आणि अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचें हरिण यांचीं शिंगें म्हणजे शुद्ध हाड असून तीं दरवर्षीं गळून पडतात व नवीं उगवतात. उगवत असतां त्यांवर मखमलीसारखी लव असते. वाढ पुरी झाली म्हणजे ती सुकते आणि नर झाडावर घांसून ती काढून टाकतो. शिंग मोठें होण्यास तीन गोष्टी लागतात: चांगलें कुळ, चांगला चारा आणि वय. पहिल्या वर्षाच्या नरास केवळ काटक्यासारखीं टोकें फुटतात. पांच ते सात वर्षांच्या नरास पूर्ण वैभव येतें. म्हणून मोठें शिंग हें त्या रानाचें प्रशस्तिपत्रच म्हटलें पाहिजे. इतकीं वर्षें तो नर वांचला, त्याला पोटभर खावयास मिळालें, असें तें शिंग सांगत असतें.

आतां माप. शिकार झाल्यावर शिंगें घरांतील साधारण हवेंत ६० दिवस वाळूं द्यावीं लागतात, कारण ओलें हाड सुकलें म्हणजे आकसतें. त्यानंतर क्लबाकडून शिक्षण घेतलेला मापारी पाव इंच रुंदीची पोलादी फीत घेऊन बसतो. हें काम तो विनावेतन करतो. दोन्ही बाजूंच्या मुख्य दांड्यांची लांबी, दोन्ही दांड्यांमधील आंतील अंतर, एक इंच किंवा त्याहून लांब अशा प्रत्येक फांट्याची लांबी, आणि दांड्याचा चार ठिकाणचा घेर, हीं सर्व मापें इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेऊन त्यांची बेरीज करतात. मग गंमत अशी कीं, उजव्या व डाव्या बाजूंत जितका फरक पडेल तितका त्या बेरजेंतून वजा होतो. म्हणजे केवळ मोठेपणास मान नाहीं, समतोलपणासही आहे. जीं शिंगें वेडींवांकडीं फुटलेलीं असतात त्यांच्यासाठीं निराळा वर्ग केलेला आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरिणास कायमच्या यादींत जागा मिळण्यास सरळ वर्गांत १७० आणि वांकड्या वर्गांत १९५ गुण लागतात. दर तीन वर्षांनीं त्या मुदतींतील उत्तमोत्तम शिंगें एकत्र मागवितात, पंच तीं पुन्हां मोजतात, आणि नंतरच पदक किंवा प्रमाणपत्र मिळतें.

या नोंदवहीच्या दोन कथा आमच्या मनांत फार घोळतात. विस्कॉन्सिन राज्यांत जेम्स जॉर्डन नांवाचा बावीस वर्षांचा तरुण होता. १९१४ च्या नोव्हेंबरांत डॅनबरी गांवाजवळच्या नदीकांठीं त्यानें एक प्रचंड नर मारला. त्याचें मस्तक भरून देण्यासाठीं त्यानें एका पेंढा भरणाऱ्याशीं पांच डॉलरांचा सौदा केला. तो कारागीर मुक्काम हलवून दुसऱ्या राज्यांत गेला, तेथून आणखी दूर गेला, आणि जॉर्डनचीं शिंगें त्याच्याबरोबर नाहींशीं झालीं. पन्नास वर्षें लोटलीं. १९६४ सालीं मिनेसोटांतील एका जुन्या सामानाच्या विक्रींत कोणा एका गृहस्थानें तीन डॉलर देऊन एक धुळकट जोडी घेतली. मोजून पाहतां ती सरळ वर्गांत जगांत पहिली ठरली! गुण २०६ १/८. नोंदवहींत जनावराची नोंद झाली. शिकाऱ्याच्या नांवापुढें मात्र 'अज्ञात' असें राहिलें. पुढें म्हाताऱ्या जॉर्डननें तीं शिंगें पाहिलीं आणि एका दृष्टिक्षेपांत ओळखलीं. तो सांगूं लागला, लोक ऐकेनात. शेवटीं पुरावा तपासून क्लबानें १९७८ च्या डिसेंबरांत त्याचें नांव लाविलें. जॉर्डन त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, वयाच्या ८६ व्या वर्षीं, वारला होता. पुढें १९९३ सालीं कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या शिकारीनें २१३ ५/८ गुण मिळवून हा आंकडा मागें टाकला.

दुसरी कथा याहून बोधप्रद आहे. वांकड्या वर्गांत आजवर जो नर सर्वांत वर आहे त्याचे गुण ३३३ ७/८. पण त्यास कोणीही मारलेलें नाहीं. १९८१ सालीं मिसूरी राज्यांत सेंट लुई शहराच्या बाजूस तो मेलेला आढळला. त्याच्याखालोखाल बरीच वर्षें ज्याचा क्रम होता तो ओहायोंतील नरही १९४० च्या सुमारास लोहमार्गाच्या कुंपणापाशीं मरून पडलेलाच सांपडला होता. पहिल्या जागेवर बसविण्यास शिकारी नाहीं म्हणून क्लबानें ती जागा रिकामी ठेविली नाहीं, हरिणास बसविलें. आमच्या नातीच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें: निदान या वहींत तरी मार्क हरिणाला आहेत.

मग शिकाऱ्याचा मान कोठें आहे? तो एका अटींत आहे. त्या अटीस तिकडे 'फेअर चेस' म्हणतात. आपण तीस धर्ममृगया म्हणूं. पशु मोकळा व रानटी असावा, कुंपणांत कोंडलेला नसावा. मोटारींतून किंवा विमानांतून त्याचा पाठलाग केलेला नसावा. कायदा मोडलेला नसावा. थोडक्यांत, निसटून जाण्याची खरी संधि त्याला मिळालेली असावी. हें सर्व आपण पाळलें, असें शिकाऱ्यास प्रतिज्ञापत्रावर सही करून सांगावें लागतें. तें खोटें ठरल्यास नोंद रद्द होते. क्लबाचें 'सागमोर हिल' नांवाचें सर्वोच्च पदक रूझवेल्ट घराण्याच्या स्मरणार्थ आहे. तें शिंग आणि शिकारीची रीति, दोन्ही उत्तम असतील तरच देतात, नाहीं तर देतच नाहींत.

या अटीची एक आठवण आपल्या घरोघरीं मुलांच्या अंथरुणांत सांपडते. १९०२ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष रूझवेल्ट मिसिसिपी राज्यांत अस्वलाच्या शिकारीस गेले होते. त्यांना कांहीं मिळेना, तेव्हां बरोबरच्या मंडळींनीं एक जखमी अस्वल झाडास बांधून ठेवलें आणि 'आतां मारा' म्हणून बोलाविलें. त्यांनीं त्यावर गोळी झाडण्याचें साफ नाकारलें. त्या जनावराच्या यातना संपविण्यास मात्र त्यांनीं सांगितलें, हेंही नमूद केलें पाहिजे. वर्तमानपत्रांत या प्रसंगाचें व्यंगचित्र आलें, तें पाहून ब्रुकलिनमधील एका दुकानदारानें कापडाचें अस्वल करून विकावयास ठेवलें, आणि 'टेडी' हें त्यांचेंच लाडकें नांव त्या खेळण्यास चिकटलें.

धनुष्यबाणानें शिकार करणारांची 'पोप अँड यंग क्लब' ही निराळी संस्था १९६१ पासून आहे. तिचे गुण कमी, १२५ पासून. कारण बाणाच्या टप्प्यांत यावयाचें म्हणजे फार जवळ जावें लागतें. ज्यांचें नांव तिला दिलें ते सॅक्स्टन पोप हे सॅन फ्रान्सिस्कोंतील डॉक्टर. त्यांनीं धनुर्विद्या शिकली ती इशी नांवाच्या एका मूळ रहिवाशापासून. याही नांवाच्या त्याच्या जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनीं कत्तल केली होती; तिचा शेवटचा माणूस म्हणून तो १९११ सालीं एकटाच रानांतून बाहेर आला, विद्यापीठाच्या संग्रहालयांत राहिला, आणि १९१६ सालीं क्षयानें वारला. पोप हे त्याचे वैद्य आणि शिष्य दोन्ही होते. ज्याच्या जातीस जगावयास संधि मिळाली नाहीं, त्याच्याकडून आलेली विद्या हरिणास संधि देण्याच्या नियमाशीं जोडली गेली, हा योगायोग मनास चटका लावतो.

संस्कृतज्ञांस हा विषय नवा वाटूं नये. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगयेस अग्रस्थान दिलें आहे. उलट शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति त्याच मृगयेचे गुण गातो, आणि विदूषक तिच्या नांवानें बोटें मोडतो. पण कालिदासानें नाटकाचा आरंभ कोठें केला पहा: धनुष्य ओढलेलें आहे, मृग टप्प्यांत आहे, आणि 'हा आश्रमाचा मृग आहे' असें कानीं पडतांच राजा बाण उतरवितो. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ हरिणावर नेम धरतो, इतक्यांत हरिणी मध्यें येऊन उभी राहते, आणि तो ओढलेला बाण परत घेतो. या दोन्ही स्थळीं कवि राजाचा गौरव करतो तो न सुटलेल्या बाणाबद्दल. नोंदवहींत जागा नसते ती नेमकी या न सुटलेल्या बाणालाच, आणि मोजमापाच्या सर्व मानांतील मूळ उणीव हीच आहे.

ही उणीव केवढी महाग पडूं शकते, हें आतां पाहूं. अट काढून नुसता आंकडा ठेवला म्हणजे मान कसा नासतो याचे दाखले पुष्कळ आहेत. १९३७ सालीं बर्लिन येथें आंतरराष्ट्रीय शिकार-प्रदर्शन भरलें. राष्ट्राराष्ट्रांनीं शिंगें मांडलीं, पदकें वाटलीं गेलीं. त्याचा यजमान हर्मन गोरिंग हा होता, आणि दोनच वर्षांनीं त्याच्या सरकारनें जगाचें काय केलें तें सर्वांस ठाऊक आहे. हरिणाच्या बाबतींत नियमनिष्ठ असलेला मनुष्य मनुष्याच्या बाबतींत काय असेल, हें शिंगांवरून समजत नाहीं.

अमेरिकेंतही लोभानें दुसरी वाट काढली. उंच कुंपणांत हरणें पाळून, निवडक नरांचें बीज वापरून, खुराक देऊन, काटेरी झुडपासारखीं अवाढव्य शिंगें तयार करण्याचा धंदा कांहीं राज्यांत भरभराटला. श्रीमंत गिऱ्हाईक पैसे भरून तेथें 'शिकार' करतें. बून अँड क्रॉकेटच्या वहींत अशा शिंगांस प्रवेश नाहीं. परंतु कुंपणांतील शिकारीस निराळा वर्ग देणाऱ्या दुसऱ्या वह्या आहेत, आणि गिऱ्हाईक तिकडे जातें. त्यांतच हरणांच्या मेंदूचा एक असाध्य क्षयरोग पसरतो आहे. १९६७ सालीं कोलोराडोंत कोंडलेल्या हरणांत तो प्रथम दिसला. आज तीसहून अधिक राज्यांत पोंचला आहे. त्याच्या प्रसारास पाळीव हरणांची ने-आण हें एक कारण मानलें जातें.

चोरट्या शिकाऱ्यांचें तर विचारूंच नका. रात्रीं मोटारीच्या दिव्यानें हरिणाचे डोळे दिपवावे, गोळी घालावी, मस्तक तोडून न्यावें आणि धड शेतांत कुजूं द्यावें, असे प्रकार मोठ्या शिंगांपायीं होतात. ओहायो राज्यानें २००८ सालीं यावर एक चतुर उपाय काढला. चोरून मारलेल्या नराचीं शिंगें त्याच फितीनें मोजावयाचीं. गुणांतून १०० वजा करावयाचे. उरलेल्या संख्येचा वर्ग करून त्यास १.६५ नें गुणावयाचें. जें येईल तितके डॉलर चोरानें राज्यास भरावयाचे. शिंगें २०० गुणांचीं असतील तर ही भरपाई १६,५०० डॉलर होते. ज्या मापानें मान मोजला जातो त्याच मापानें येथें पाप मोजलें जातें. गणित शिकविणाऱ्यास हें उदाहरण फार आवडावें असें आहे.

न्याय्य बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या शिंगांची आवड असल्यामुळेंच अनेक शिकारी कोंवळ्या नरांस जीवदान देऊन ते प्रौढ होण्याची वाट पाहतात. रूझवेल्ट-ग्रिनेल यांच्या मंडळीनें बाजारासाठीं होणारी कत्तल बंद करण्याच्या व राखीव रानांच्या कायद्यांसाठीं पुष्कळ झीज सोसली. १९३७ च्या एका कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य पशूंच्या जतनासाठीं बांधून दिलेलें आहे. हरणें तीन कोटींवर गेलीं तीं पदकांमुळें नव्हे, या कायद्यांमुळें. पण कायद्यांमागें उभे राहणारे लोक बरेचसे तेच होते. आतां तिकडे लांडगे व पहाडी सिंह बहुतेक ठिकाणीं उरले नाहींत, आणि दरवर्षीं दहा लाखांहून अधिक मोटारी हरणांवर आदळतात. तेव्हां शिकार सर्वस्वी बंद करा असें तेथें म्हणणें सोपें नाहीं.

आपल्याकडची गोष्ट निराळी. आमच्या ओसरीवरचीं शिंगें ज्या जातीचीं, तो मध्यभारतांतील बारशिंगा १९७० सालीं कान्हाच्या रानांत अवघा ६६ उरला होता. गवताळ मैदानें नाहींशीं होणें आणि शिकार, दोन्हींनीं ही वेळ आणली. पुढें मैदानें राखून, कांहीं हरणें कुंपणांत जपून वाढवून, आज ती संख्या हजाराच्या घरांत आली आहे. वॉर्डच्या पुस्तकांत एकेका शिंगाचें माप इंचाच्या अंशापर्यंत अचूक होतें. रानांत किती उरले, हें मोजण्याचें मात्र त्या काळीं फारसें कोणास सुचलें नाहीं. १९७२ चा कायदा झाल्यावर घरांतील अशा वस्तूंची सरकारांत नोंद करावी लागली. आमचे वडील तालुक्याच्या गांवीं दोन खेपा घालून प्रमाणपत्र घेऊन आले, आणि त्या चिठीशेजारींच त्यांनीं तें जपून ठेवलें.

हें सर्व लिहीत असतां आम्हांस आमचीच एक चूक सारखी आठवत आहे; ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. आम्ही एका शाळेंत नवे होतों तेव्हां, वर्षभर एकही दिवस न चुकणाऱ्या विद्यार्थ्यास आमच्या पदरचें एक बक्षीस ठेवलें होतें. दोन वर्षें हजेरी फार सुधारली, आणि आम्ही मनांत फुशारलों. तिसऱ्या वर्षीं फाल्गुनांत एक गरीब घरचा हुशार मुलगा अंगांत ताप असतां शाळेंत येत राहिला. डोळे लाल, आवाज बसलेला, आम्ही विचारलें तर म्हणे, "कांहीं नाहीं, गुरुजी." तो गोंवर होता. वर्गांतील अकरा मुलें आजारी पडलीं. बाकीचीं बरीं झालीं. या मुलाचा कान वाहूं लागला आणि त्या कानाचें ऐकणें कायमचें गेलें. वर्षअखेरीस त्याची आई आम्हांस एवढेंच म्हणाली, "गुरुजी, त्याला तुमचं बक्षीस हवं होतं हो." आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. आम्ही दिवस मोजले होते. दिवस कसे भरले जातात तें पाहिलें नव्हतें. आमच्या वहींत आंकडा होता, अट नव्हती.

तो मुलगा आज मोठ्या हुद्द्यावर आहे. भेटला म्हणजे वांकून नमस्कार करतो, आणि आम्ही बोलूं लागलों कीं मान किंचित् वळवून चांगला कान आमच्याकडे करतो. ती वळलेली मान पाहिली कीं आम्हांस त्या पिंवळ्या चिठीची आठवण होते.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. मुलांस मान अवश्य द्या. तो नाहीं दिला तर तीं तो दुसरीकडे शोधतील. परंतु परीक्षेचे मार्क हातीं आले म्हणजे आंकड्याबरोबर रीतीचीही चौकशी करा. किती मिळाले हें विचाराल, तसेंच कसे मिळविले हेंही विचारा. आणि ज्यानें मिळत असलेलें कांहीं योग्य कारणासाठीं सोडून दिलें असेल, त्याच्या पाठीवर हात ठेवण्यास चुकूं नका, कारण त्याची नोंद दुसऱ्या कोणत्याही वहींत व्हावयाची नाहीं.